आजोबांचे थोरले भाऊ १९४३ च्या सुमारास मुंबईला गेले ते परतले नाहीत. कागदपत्रांतून शोध कसा घ्यावा?

संगमेश्वरी

नमस्कार मंडळी. शोध आजोबांच्या सख्ख्या थोरल्या भावाचा आहे. माहिती एवढीच:

नाव बाळा, वडिलांचे नाव धोंडू (दोन्ही नावे इथे बदलली आहेत). जन्म साधारण १९२७. गाव संगमेश्वर तालुक्यात. घर कुणब्याचे, स्वतःची जमीन नाही, खोताचे कूळ. बाळा गावच्या शाळेत दोन-तीन इयत्ता शिकले. १९४३-४४ मध्ये वाडीतल्या एकाबरोबर मुंबईला गेले आणि गिरणीत लागले. कुठली गिरणी ते घरात कोणालाच माहीत नाही. मधूनमधून मनिऑर्डर यायची, नंतर ती बंद झाली. पणजोबा १९५१ च्या आसपास वारले, तेव्हाही ते आले नव्हते म्हणतात. गावातली काही जुनी माणसे ठाम सांगतात की ते ‘रामदास’ बोटीत बुडाले.

जवळ आहे ते मनिऑर्डरचे एक कूपन (शिक्का पुसट आहे) आणि एक फोटो. ग्रामपंचायतीत विचारले, तिथली जन्म-मृत्यूची रजिस्टरे १९७० नंतरची आहेत. मुंबईत वॉर्ड ऑफिसात मृत्यूची तारीख मागतात. आमच्या आताच्या आडनावाने इंटरनेटवर शोधले, काही मिळाले नाही.

ते स्वतः आता नसणार हे कळते. पण कुठे राहिले, लग्न झाले का, मुले-नातवंडे आहेत का, एवढे कळले तरी ८९ वर्षांच्या आजोबांना बरे वाटेल. सुरुवात कुठून करू?

---

नकलाअर्ज

सर्वात आधी आडनाव बाजूला ठेवा. तुमचे आताचे आडनाव त्या काळच्या नोंदीत बहुतेक नसणारच. गावच्या दप्तरात ते ‘बाळा बिन धोंडू कुणबी’ असतील. मुंबईत गेल्यावर मुकादमाने किंवा गिरणीच्या कारकुनाने जे विचारले त्यावरून आडनाव पडायचे: कोणाला गावावरून ‘-कर’, कोणाला भावकीचे नाव, कोणाला नुसते ‘गावकर’. सख्ख्या दोन भावांची मुंबईत दोन वेगळी आडनावे सापडतात. म्हणून शोध घ्यायचा तो स्वतःचे नाव, बापाचे नाव, गाव आणि तालुका या चार गोष्टींवर. बापाचे ‘धोंडू’ हे नाव आडनावापेक्षा जास्त कामाचे.

आता कूपन. मुंबईची पहिली खूण त्यावरच असणार. शिक्का वाचायला कूपन पाण्यात किंवा तेलात घालू नका, पावडर चोळू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. अंधाऱ्या खोलीत टॉर्च कागदाच्या कडेला आडवा धरा आणि मोबाईलने फोटो काढा. मग फोटोत रंग उलटे करून कॉन्ट्रास्ट वाढवा. गोल शिक्क्यात कडेने पोस्टाचे नाव आणि मध्ये तारीख असते. दोन्ही बाजू तपासा, कारण पाठवणाऱ्या पोस्टाचा शिक्का वेगळा आणि तुमच्याकडच्या पोस्टाचा वेगळा.

‘रामदास’ १७ जुलै १९४७ ला बुडाली, आणि ती भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली होती, रत्नागिरीला नाही. शिक्क्यावरचे साल त्यानंतरचे निघाले तर तो विषय तिथेच संपतो. कोकणात बेपत्ता झालेल्या बऱ्याच माणसांची नावे त्या बोटीशी जोडली गेली आहेत, म्हणून कागद बघितल्याशिवाय ते धरून चालू नका.

गावाकडचे काम देवरूखला. तालुका संगमेश्वर असला तरी तहसील कार्यालय देवरूखात आहे. तिथल्या अभिलेख कक्षात तीन गोष्टी मागा.

एक, गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक. ग्रामपंचायतीच्या आधी गावचे जन्म-मृत्यू त्यात लिहिले जात. जात पडताळणीसाठी लोक रोज त्याच्या नकला मागतात, त्यामुळे ‘कोतवाल बुक’ म्हटले की कारकुनाला लगेच कळते. १९२५ ते १९३० अशी सहा वर्षे मागा, नेमके १९२७ नको. घरात सांगितलेले वय दोन-तीन वर्षे इकडेतिकडे असतेच.

दोन, तुमच्या वाडीतल्या जमिनीचे जुने सातबारा आणि फेरफार (गाव नमुना ६). जमीन नव्हती म्हणून हे सोडू नका. १९४९ च्या कायद्याने खोती गेली आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर कुळे मालक होऊ लागली. तेव्हा पहिल्यांदा गरीब घरांची नावे सरकारी कागदावर नीट चढली. पणजोबा १९५१ ला गेले, म्हणजे त्यानंतर कुळाच्या जागी कोणाचे तरी नाव लागले असणार. थोरला भाऊ मुंबईत असला तरी पुष्कळदा त्याचेच नाव ‘ए.कु.मॅ.’ म्हणून लागते, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर.

तीन, कूळ कायद्याच्या कलम ३२-ग ची फाईल. कुळाने जमीन विकत घेताना तहसीलदारांसमोर चौकशी होई. त्यात जबाब, घरातल्या माणसांची नावे, कधीकधी वंशावळही असते. ‘माझा थोरला भाऊ मुंबईस अमुक ठिकाणी नोकरीस आहे’ असे वाक्य सापडले तर याच फाईलमध्ये सापडेल. लोक सातबारा बघून थांबतात आणि ही फाईल राहून जाते.

काही जिल्ह्यांचे जुने सातबारा-फेरफार स्कॅन होऊन ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर आले आहेत. तुमचे गाव तिथे दिसते का ते आधी पाहा, एक फेरी वाचेल.

---

मोडीवाचक

वरच्या प्रतिसादाला जोड. कोतवाल बुकाच्या त्या काळातल्या नोंदी मोडीत असण्याची शक्यता मोठी आहे. नक्कल घेण्याआधी नोंद शोधावी लागते, आणि कारकुनाला मोडी येत नसेल तर ‘नोंद आढळत नाही’ असे उत्तर मिळते. ती नसतेच असे नाही. म्हणून मोडी वाचणारे माणूस बरोबर न्या. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण देते, उत्तीर्ण झालेल्या जाणकारांच्या याद्या असतात. त्यातून रत्नागिरीकडचे कोणी मिळते का बघा.

वाचताना काय शोधायचे ते सांगते. जन्माच्या नोंदीत मुलाचे नाव बहुतेक वेळा नसते. नोंद जन्मानंतर लगेच व्हायची आणि बारसे बाराव्या दिवशी, त्यामुळे तिथे ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच लिहितात. नोंद ओळखायची ती बापाच्या नावावरून: ‘धोंडू बिन …’. म्हणजे तुम्हाला धोंडूच्या बापाचे नाव लागणार. आजोबांना आजच विचारून ठेवा. त्याच वर्षी वाडीत दोन धोंडूंना मुलगे झाले असतील तर आजोबांच्या आजोबांच्या नावाशिवाय निवाडा होणार नाही.

‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. ‘सखू कोम धोंडू’ दिसले तर ती तुमची पणजी असू शकते. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते आणि ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. ‘धोंडू’ आणि ‘धोंडी’ घाईच्या अक्षरात सहज एकमेकांसारखे दिसतात, तेव्हा दोन्ही बघा.

साल शके असेल तर ७८ मिळवा. शके १८४९ म्हणजे १९२७-२८. फसली (महसुली साल) असेल तर ५९० मिळवा. हा हिशोब चुकला की माणूस दहा वर्षे भलत्याच वहीत शोधत बसतो.

आणि ‘बाळा’ हे खरे नाव होते का, तेही विचारा. आधीची मुले दगावली असतील तर दगडू, भिकू, केरू अशी नावे ठेवत आणि घरात हाक वेगळी असे. शाळेत आणि गिरणीत दुसरेच नाव असू शकते.

ते पारखायला शाळेचे जनरल रजिस्टर उत्तम. १९३३ ते १९३८ मधले दाखल-खारीज बघा. शाळा बंद किंवा विलीन झाली असेल तर रजिस्टर केंद्रशाळेत नाहीतर पंचायत समितीच्या शिक्षण विभागात विचारायचे. त्यात पूर्ण नाव, जात, दाखल तारीख, नाव काढल्याची तारीख आणि कारण असते. जन्मतारीख ‘१ जून’ दिसली तर ती गुरुजींनी घातलेली समजा, शाळेत घेताना वय बसवण्यासाठी. पण पूर्ण नाव आणि शाळा सोडल्याची तारीख भरवशाची असते.

---

साचाखाता_परळ

मुंबईच्या बाजूचे लिहितो.

वॉर्ड ऑफिसात ‘माणूस हरवलाय, मृत्यूची नोंद शोधा’ म्हणून काही होत नाही. तिथे वर्ष आणि विभाग घेऊनच जायचे, आणि ते दोन्ही दुसरीकडून मिळवायचे. ते मिळण्याचे सगळ्यात चांगले ठिकाण सरकारी नाही. तुमच्या गावाचे मुंबईत ग्रामस्थ मंडळ असेल, ते शोधा. एकट्या चाकरमान्यांसाठी लालबाग, परळ, डिलाईल रोड, शिवडीकडे गावोगावच्या खोल्या असत. एकेका खोलीत पाळीपाळीने वीस-पंचवीस जण राहत, जेवण खानावळीत. खोलीचे भाडे, गणपती-शिमग्याची वर्गणी, मयताला मदत, सगळ्याचा हिशोब वहीत. त्या वह्यांत नावे वाडीप्रमाणे असतात: ‘बाळा धोंडू, खालची वाडी, ८ आणे’. एखादे नाव कुठल्या सालापर्यंत वर्गणी देते आणि कधी थांबते, हे बघितले की शोधाचा काळ दोन-तीन वर्षांवर येतो. थांबण्याच्या महिन्यात मयत मदतीची नोंद असेल तर उत्तरच मिळाले. वह्या मंडळाच्या कपाटात नसतील तर जुन्या खजिनदाराच्या घरी असतात. तुमच्या गावाचे मंडळ नसेल तर शेजारच्या दोन-तीन गावांची विचारा, कमी माणसे असलेली गावे एकत्र खोली घेत.

बाळा ज्यांच्याबरोबर गेले त्यांच्या घरीही नक्की जा. मुकादम आपल्याच मुलखातली माणसे कामाला लावायचा, म्हणून एका वाडीतली माणसे बहुधा एकाच गिरणीत, एकाच खात्यात सापडतात. त्या घरात गिरणीचा पास, तिकीट नंबर, पगाराची पावती, युनियनची पावती असे काही मिळाले तर गिरणी कळते.

गिरणी कळली तरी १९४३ चे मस्टर, म्हणजे हजेरीपट, मिळेल अशी आशा धरू नका. गिरण्या बंद झाल्या, विकल्या गेल्या, दप्तरे गेली. शिवाय सुरुवातीला ते बदली कामगार असणार, आणि बदलीवाल्याचे नाव कायम मस्टरवर नसे. पण प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा १९५२ चा आणि कापड गिरण्या त्यात पहिल्यापासून. मुंबईत कामगार विमा १९५४ पासून. ते तेव्हा कायम झाले असतील तर फंडाच्या नामनिर्देशनात बायको-मुलांची किंवा भावाची नावे लिहिलेली असतील. गिरणी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेलेली असेल तर तिथे माहितीच्या अधिकारात विचारता येते.

वयाचा हिशोब करा. जन्म १९२७ धरला तर १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा ते ५५ वर्षांचे. म्हणजे मस्टरवर असू शकतात. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर कामावर असलेल्या गिरणी कामगारांना आणि त्यांच्या वारसांना म्हाडाच्या घरांसाठी अर्ज करता आला. त्या याद्यांत कामगाराचे नाव आणि गिरणी असते. शोधताना आडनाव रिकामे ठेवून ‘बाळा धोंडू’, ‘बाळू धोंडू’, ‘बाळाराम धोंडू’, ‘बाळकृष्ण धोंडू’ असे सगळे प्रकार घालून बघा. गिरणीच्या कारकुनाने ‘बाळा’चे काय केले असेल सांगता येत नाही.

---

संगमेश्वरी

सगळ्यांचे मनापासून आभार. टॉर्च आडवा धरून कूपनाचे फोटो काढले. शिक्क्यात ‘परळ’ वाचता येते, तारखेतला महिना पुसला आहे पण ५४ स्पष्ट आहे. मागे शाईने पत्ता आहे, चाळीचे नाव अर्धेच लागते, खाली ‘मुंबई १२’. पाठवणाऱ्याचे नाव ‘बाळाराम धोंडू’ आणि पुढे आमच्या गावाचे नाव ‘कर’ लावून. म्हणजे ते १९४७ ला बुडाले नव्हते. आजोबांना दाखवले, ते बराच वेळ कूपन हातात धरून बसले होते.

आजोबांकडून त्यांच्या आजोबांचे नावही लिहून घेतले. अक्षर बाळांचे नाही म्हणतात, त्यांना इतके चांगले लिहिता येत नव्हते. मग पत्ता खरा मानायचा का?

---

साचाखाता_परळ

पत्ता खरा माना, नावाबाबत सावध राहा. पोस्टाबाहेर पत्रलेखक बसत, फॉर्म तेच भरायचे. पत्ता सांगेल तसा लिहीत, कारण पैसे परत आले तर तिथेच यायचे. नाव मात्र ते आपल्या पद्धतीने ‘नीट’ करत. ‘बाळाराम’ हे गिरणीतले नाव असेल किंवा पत्रलेखकाचे, दोन्ही शक्य.

‘मुंबई १२’ फार मोलाचे आहे. पिनकोड १९७२ ला आला, त्याआधी मुंबईचे असे विभाग होते आणि तेच आकडे पिनकोडच्या शेवटी राहिले. मुंबई १२ म्हणजे आजचे ४०० ०१२, परळ. महापालिकेचा एफ दक्षिण विभाग. चाळीचे अर्धे नाव इथे लिहिण्यापेक्षा मला निरोपात पाठवा, कारण त्या चाळीत आजही घरे असतील. चाळ पाडून पुनर्विकास झाला असेल तर पात्र भाडेकरूंची यादी निघालेली असते. त्यात खोलीप्रमाणे नाव लागते.

विभाग निवडणूक कार्यालयात जुन्या मतदार याद्याही मागा. यादीत घर क्रमांक, नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव आणि वय असते. ‘धोंडू’ बापाचे नाव असलेला आणि त्याच घर क्रमांकात ‘बाळाराम’ नवऱ्याचे नाव असलेली बाई, अशी जोडी सापडली की लग्नही कळले.

---

नकलाअर्ज

अर्जांबद्दल थोडे, कारण इथेच महिने वाया जातात.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज महाराष्ट्रात १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो, नकलेला पानाला २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. दारिद्र्यरेषेखालील असल्याचा दाखला जोडला तर शुल्क नाही. कोतवाल बुक, फेरफार आणि ३२-ग अशा तिन्ही गोष्टी एका अर्जात घातल्या तर तो परत येईल. तीन अर्ज करा. अर्जात ‘माझ्या नातेवाईकाची माहिती द्या’ असे लिहू नका. ‘मौजे अमुक, गाव नमुना १४, सन १९२५ ते १९३०, अवलोकनासाठी उपलब्ध करावे’ असे लिहा. अवलोकन आधी, नक्कल नंतर. वही जीर्ण आहे म्हणून देत नाहीत म्हणाले तर तेच लेखी मागा. लेखी द्यायची वेळ आली की वही बऱ्याचदा निघते.

मृत्यूच्या नोंदीसाठी: जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ च्या कलम १७ प्रमाणे कोणालाही शोध घ्यायला लावून दाखला मागता येतो. वारस असल्याचा पुरावा त्यासाठी लागू नये. दाखल्यात मृत्यूचे कारण मात्र देत नाहीत. मृत्यूची नोंद माणूस राहत होता तिथे नव्हे, जिथे मेला तिथे होते. परळला राहणारा माणूस दवाखान्यात, मुलाकडे कल्याणला किंवा बायकोच्या गावी वारला तर एफ दक्षिणमध्ये काही मिळणार नाही. म्हणून बायकोचे माहेर कळले की त्या ग्रामपंचायतीतही बघा.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. सातबाऱ्यावर वारस लावताना कोणी ‘बाळा धोंडू, मयत, बिनवारस’ लिहून घ्या म्हणाले तर थांबा. त्यांची मुले असतील तर तो त्यांचा हक्क कागदावरून पुसल्यासारखे होईल, आणि पुढे सापडलेले नातेवाईक कोर्टात भेटतील. उलट बाजूनेही हेच: मुंबईतले घर सापडले तर पहिल्या भेटीला सातबारा, फेरफार घेऊन जाऊ नका. समोरच्याला वाटेल जमिनीच्या सह्या घ्यायला आले. कूपन आणि फोटो न्या, आणि आजोबांना बोलू द्या.

---

मोडीवाचक

एक राहिले. लग्न झाले असेल, मुले असतील, तर अस्थी नाशिकला नेल्या असण्याची शक्यता आहे. रामकुंडावर तीर्थोपाध्यायांकडे नामावळी असतात, गाव आणि आडनाव सांगितले की त्या मुलखाची वही कोणाकडे ते तिथेच कळते. नोंदीत कोणाच्या अस्थी, बरोबर कोण आले, त्यांचे भाऊ-मुलगे, राहण्याचे ठिकाण असे लिहून खाली सही किंवा अंगठा घेतलेला असतो. सगळ्या घरांच्या नोंदी असतात असे नाही, गरिबांना नाशिकचा खर्चही जड जायचा. पण गेले असतील तर नाव सांगताना ते मूळ गाव सांगतात, मुंबईची चाळ नाही. तुमच्या गावाच्या नावाखाली बघा, आणि आडनाव दोन्ही सांगा, तुमचे आताचे आणि कूपनावरचे.

---

संगमेश्वरी

मंडळाचा पत्ता लागला, जुने खजिनदार काळाचौकीला राहतात. रविवारी आजोबांना घेऊन जातो आहे. १९५० ते ६० च्या चार वह्या आहेत म्हणाले, वाळवी लागलेली आहे पण पाने सुटी होतात. फोटो काढू का त्यांचे?

---

मोडीवाचक

जरूर काढा, पण पाने ओढून सोडवू नका. चिकटलेली पाने तशीच ठेवा, कडेने उघडतील तेवढीच बघा. प्रत्येक फोटोत पानाचा वरचा भाग येऊ द्या, साल तिथेच असते. वह्या त्यांच्याच घरी राहू द्या, आणि मोडीतली पाने मला पाठवा, वाचून देते.